रबरावरचा क्रमांक आणि नोंदीतले नाव

मोटार विकली की तिच्याबरोबर टायरही विकले जातात, ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की टायरची म्हणून काही वेगळी नोंद ठेवावी लागत असेल, हे खरेदीदाराच्या आणि पुष्कळदा विक्रेत्याच्याही मनात येत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्याने मात्र मोटारीच्या इतर भागांपेक्षा टायरला वेगळी वागणूक दिली आहे. कारण टायर बनवणारी कंपनी बहुधा वेगळी असते, मोटारीच्या आयुष्यात टायर अनेकदा बदलले जातात, आणि त्यांच्यात निर्मितीचा दोष राहिला असेल तर तो गाडी भरधाव असताना अचानक उघडा पडतो. असा दोष लक्षात आल्यावर कंपनीला आपला माल परत बोलवावा लागतो, त्याला तेथे आणि आता भारतातही ‘रिकॉल’ म्हणतात. पण बोलावणे धाडायचे तर तो टायर आज कोणाच्या दारात उभ्या असलेल्या गाडीला बसवलेला आहे, हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. तो पत्ता सापडावा याची तजवीज संघीय नियमसंहितेच्या ४९व्या शीर्षकातील भाग ५७४ मध्ये केलेली आहे. हे नियम आणि मोटारविक्रीच्या दालनात ते प्रत्यक्ष कसे पाळले जातात किंवा कसे निसटतात, हा प्रस्तुत लेखनाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखकाने न्यू जर्सी राज्यातील एका मध्यम आकाराच्या डीलरशिपच्या मागच्या कार्यालयात काही वर्षे कागदपत्रांचे काम केले. दालनाच्या पुढच्या भागात काच, दिवे, कॉफीचे यंत्र आणि हसतमुख विक्रेते असतात. मागच्या भागात खिडकी नसलेली एक खोली, छतापर्यंत गेलेली फडताळे आणि त्यांत स्टॉक नंबरानुसार लावलेल्या जाड पिवळट पाकिटांच्या रांगा असतात. या पाकिटाला धंद्यात ‘डील जॅकेट’ म्हणतात. एका विक्रीचा सगळा संसार त्यात असतो: खरेदीचा करार, खरेदीदाराच्या लायसन्सची प्रत, विम्याचा दाखला, कर्जाचा करार, मालकीहक्काचा दस्तऐवज म्हणजे ‘टायटल’ मिळवण्यासाठी राज्याच्या मोटार वाहन आयोगाकडे केलेल्या अर्जाची प्रत, आणि जुनी गाडी असेल तर ती किती मैल चालली याचे विक्रेता व खरेदीदार या दोघांच्या सह्यांचे निवेदन. या शेवटच्या कागदाला वजन आहे, कारण मैलांचा आकडा मागे फिरवून गाडी विकण्याचा प्रकार इतका बोकाळला होता की १९७२मध्ये त्याविरुद्ध संघीय कायदा करावा लागला आणि त्या निवेदनाची प्रत डीलरने पाच वर्षे सांभाळावी असे नियमाने ठरवले. खरेदीदाराने १०,००० डॉलरपेक्षा अधिक रक्कम रोख दिली तर करखात्याला पंधरा दिवसांत फॉर्म ८३०० भरून कळवावे लागते, आणि त्याचीही प्रत पाच वर्षे ठेवावी लागते. मराठी माणसाला या पाकिटात फारसे नवल वाटणार नाही. आरटीओच्या फॉर्म २०, २१ आणि २२ यांच्या चळती ज्याने पाहिल्या आहेत, गाडीचे ‘पासिंग’ अडले म्हणजे काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे जग ओळखीचेच वाटते. फरक जाणवतो तो टायरपाशी. भारतीय नोंदणीच्या अर्जात परिवहन वाहनाच्या टायरची संख्या, वर्णन आणि आकार विचारला जातो, म्हणजे टायर कोणत्या जातीचा हे नोंदवले जाते. अमेरिकी नियम तो कोणत्या घाण्यातून निघाला हे विचारतो.

घाण्याचा हा शब्द येथे सहज वापरलेला नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ ही तीन अक्षरे आणि त्यांच्यापुढे अंकाक्षरांची एक ओळ उठावात कोरलेली असते; डीओटी हे अमेरिकेच्या वाहतूक विभागाच्या नावाचे संक्षेपरूप आहे आणि पुढची ओळ म्हणजे टायरचा ओळख क्रमांक. मोटारीचा सतरा अंकाक्षरांचा ‘व्हिन’ क्रमांक एकाच मोटारीचा असतो. टायरचा क्रमांक मात्र एकट्या टायरचा नसून एका कारखान्यात, एका आठवड्यात, एका प्रकारच्या साच्यातून निघालेल्या सगळ्या टायरांचा असतो. ओळीच्या सुरुवातीला कारखान्याचे सांकेतिक चिन्ह येते, मग आकाराचे आणि कंपनीच्या स्वतःच्या वापराचे, आणि शेवटी चार अंकी तारीख: २४१९ असे दिसले तर तो टायर २०१९च्या चोविसाव्या आठवड्यात तयार झाला. २००० सालापूर्वी ही तारीख तीनच अंकांत लिहीत असत, त्यामुळे टायर कोणत्या दशकातला हे त्या अंकांवरून कळत नसे. या ओळीत इंग्रजी वर्णमालेतील सव्वीस अक्षरांपैकी वीसच चालतात. जी, आय, ओ, क्यू, एस आणि झेड ही सहा अक्षरे वगळली आहेत. ओ आणि शून्य, आय आणि एक यांची जी गल्लत होते ती टाळण्याची ही युक्ती. तरी बी आणि आठ ही जोडी तशीच राहून गेली आहे, आणि त्या जोडीने किती वेळ खाल्ला हे नोंद उतरवणाऱ्यालाच माहीत.

या सगळ्याची सुरुवात १९६६च्या राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा अधिनियमाने झाली. रस्त्यावरच्या मृत्यूंसाठी एकट्या चालकाला जबाबदार न धरता वाहनाच्या रचनेकडेही पाहावे, हा विचार त्या कायद्याने अमेरिकेत रुजवला. पुढे १९७०मधील दुरुस्तीने टायरच्या पहिल्या खरेदीदाराचे नाव आणि पत्ता टायर-उत्पादकाकडे नोंदलेला असला पाहिजे असे ठरले, आणि १९७१पासून ओळख क्रमांक व नोंदणी यांची व्यवस्था लागू झाली. त्या वेळी टायर विकणारा प्रत्येक दुकानदार, मग तो कंपनीचा असो की स्वतंत्र, नोंद करून ती कंपनीकडे पाठवण्यास बांधलेला होता. १९७८मध्ये फायरस्टोन कंपनीला ‘फायरस्टोन ५००’ या नावाचे पोलादी पट्ट्यांचे टायर परत बोलवावे लागले. त्यांची संख्या एक कोटीच्या वर होती आणि तोवरचा तो सर्वांत मोठा टायर-रिकॉल ठरला. अशा प्रसंगानंतर नोंदणी अधिक कडक व्हावी अशी कोणाचीही अपेक्षा असेल. घडले ते उलट. १९८२मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, स्वतंत्र दुकानदारांवरील सक्ती काढून टाकली. स्वतंत्र दुकानदार तसेही पुरेशी नोंदणी करत नव्हते, शिवाय आपल्या गिऱ्हाइकांची यादी आयती कंपनीच्या हाती गेली तर कंपनी आपल्या स्वतःच्या दुकानांसाठी ती वापरील अशी धास्ती त्यांना वाटत होती. ही धास्ती निराधार म्हणता येत नाही, आणि डीलरच्या ग्राहकयादीला संरक्षण देणारे कलम कायद्यात आहे ते त्यापायीच. पण परिणाम असा झाला की स्वतंत्र दुकानदाराने फक्त एका छापील कार्डावर टायरचा ओळख क्रमांक आणि दुकानाचे नाव-पत्ता लिहून ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे, आणि उरलेले काम गिऱ्हाइकाने करावे, अशी वाटणी ठरली. ज्या दुकानांची मालकी वा ताबा टायर-कंपनीकडे आहे त्यांच्यावरील सक्ती मात्र कायम राहिली.

मोटार विकणाऱ्याचा या साऱ्याशी काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे, आणि नियमाने त्याचे उत्तर बारकाईने दिले आहे. नवी मोटार कारखान्यातून निघाली आणि तिचे टायर तेच राहिले, तर नोंद ठेवण्याचे ओझे मोटार-उत्पादकावर असते; त्याने पाठवलेल्या प्रत्येक वाहनाच्या नव्या टायरांची नोंद आणि त्या वाहनाच्या पहिल्या खरेदीदाराचे नाव-पत्ता विक्रीच्या तारखेपासून किमान पाच वर्षे जपायचा असतो. नियमाच्या इंग्रजी मजकुरात येथे ‘वाहनावरचे किंवा वाहनातले’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे, आणि तीत मागच्या डिकीतली स्टेपनीही आली. (हा शब्द अमेरिकेत कोणालाही कळत नाही, वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाकाचा जो धंदा सुरू झाला त्याचे नाव भारतात टिकले आणि इंग्रजी बोलणाऱ्या बहुतेक देशांत विसरले गेले.) पहिल्या खरेदीदाराचे नाव मोटार-उत्पादकाला डीलरकडूनच कळते. विक्री झाल्याबरोबर कार्यालयातील माणूस कंपनीच्या संगणकप्रणालीत व्हिन, खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख भरतो. याला ‘गाडी पंच करणे’ म्हणतात. गाडीची वॉरंटी याच क्षणी सुरू होते आणि महिन्याच्या विक्रीचा आकडाही याच क्षणी वाढतो, त्यामुळे महिनाअखेरीस रात्री उशिरापर्यंत गाड्या पंच होत राहतात. टायरची नोंद पूर्ण होते ती या घाईच्या पोटात, कोणाच्याही नकळत. पत्त्यात घरक्रमांक चुकला तर वॉरंटीचे काही बिघडत नाही, विक्रीचा आकडाही बिघडत नाही. बिघडते ती अशी गोष्ट, जिची गरज कदाचित कधीच पडणार नाही.

परंतु तीन प्रसंगी हे ओझे मोटार-उत्पादकाच्या खांद्यावरून उतरून थेट डीलरच्या खांद्यावर येते, आणि त्या क्षणी नियमाच्या दृष्टीने मोटार-डीलर हाच टायर-डीलर ठरतो. नव्या गाडीला कारखान्यातून आलेल्या टायरांऐवजी दुसरे टायर बसवून ती विकली तर. जुनी गाडी दुरुस्त करताना तिला नवे किंवा नव्याने रिट्रेड केलेले, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवा पट्टा चढवलेले, टायर बसवले आणि ती ग्राहकाला विकली तर. आणि असेच टायर असलेली गाडी साठ दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेकरारावर दिली तर. यातला दुसरा प्रसंग जुन्या गाड्यांच्या धंद्यात रोजचा आहे. बदल्यात आलेली गाडी विक्रीला लावण्याआधी तिची जी डागडुजी होते, तिला ‘रीकॉन’ म्हणतात. ब्रेक पॅड, वायपर, काचेवरचे ओरखडे आणि टायर यांत ती आटोपते. घाऊक विक्रेत्याकडून चार टायर येतात, कार्यशाळेत बसतात, बिल हिशेबखात्याकडे जाते, गाडी धुऊन पुसून दालनासमोर उभी राहते. या साखळीत आपण आज टायर-डीलर झालो आहोत, असे एकाही माणसाला वाटत नाही. कार्यशाळेला वाटते की कागद विक्री विभाग करील. विक्री विभागाला टायर नवे आहेत हे सांगून गाडी विकायची असते, पण क्रमांक त्याच्याकडे नसतो. आणि मागच्या कार्यालयापर्यंत पाकीट येते तेव्हा गाडी ग्राहकाच्या घरी पोहोचलेली असते. प्रस्तुत लेखकाच्या मते या नियमाचा खरा दोष त्याच्या शब्दांत नसून या साखळीत आहे: ज्याच्या डोळ्यांसमोर क्रमांक असतो त्याच्यासमोर गिऱ्हाईक नसते, आणि ज्याच्यासमोर गिऱ्हाईक असते त्याने क्रमांक कधी पाहिलेलाच नसतो.

क्रमांक पाहणे म्हणजे तरी काय, हे लिहून ठेवण्याजोगे आहे, कारण नियम वाचणाऱ्याला ते एका शब्दाचे काम वाटते. गाडी लिफ्टवर असेल तर सोपे. जमिनीवर असेल तर गुडघ्यावर बसून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात खडू घेऊन, चाकाभोवती डोके फिरवीत ती ओळ शोधावी लागते. काळ्यावर काळे कोरलेले असल्यामुळे समोरून उजेड टाकला की काहीच दिसत नाही. टॉर्च आडवी धरावी, म्हणजे अक्षरांची सावली पडते आणि ती वाचता येतात. जुने हात खडू अक्षरांवरून फिरवतात. कित्येकदा सापडलेली ओळ अर्धीच असते, तिच्या शेवटी तारीख नसते. याचा अर्थ पूर्ण क्रमांक टायरच्या आतल्या बाजूला आहे. पूर्ण क्रमांक बाहेर दिसणार असलेल्या बाजूला असावा असा नियम आता आहे, पण ज्या टायरची दोन्ही अंगे सारखी दिसतात तो उलटा बसवला की बाहेरची बाजू आत जाते, आणि मग हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाच्या चिखलाने माखलेल्या चाकाच्या पाठीमागे हात घालून, किंवा मोबाइल आत सरकवून काढलेल्या फोटोवरून, तो उतरवून घ्यावा लागतो. चार टायर एकाच वेळी आणले तरी चौघांचा आठवडा एकच असतो असे नाही; तीन एका आठवड्यातले आणि चौथा दुसऱ्या आठवड्यातला, असे सर्रास घडते. म्हणून कार्डावर क्रमांकाच्या रांगेआधी संख्येचा रकाना असतो: अमुक क्रमांकाचे तीन, तमुक क्रमांकाचा एक. घाईत लिहिणारा पहिल्या टायरचा क्रमांक वाचतो आणि संख्येच्या रकान्यात चार लिहून मोकळा होतो.

या व्यवस्थेतील एक अपघात, कोणी जखमी झाले नाही म्हणून ज्याला लहान म्हणता येईल असा, प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला. एका खरेदीदाराने नवी मोठी गाडी घेताना मोठ्या चाकांचा आणि वेगळ्या टायरांचा हट्ट धरला, आणि डीलरशिपने ते बसवून दिले. काढलेले मूळ टायर जेमतेम काही मैल चाललेले होते. अशा टायरांना धंद्यात ‘टेक-ऑफ’ म्हणतात आणि ते कोणी फेकून देत नाही. कार्यशाळेच्या फडताळात पडून राहतात आणि योग्य आकाराची गाडी आली की तिला लागतात. तसेच ते एका जुन्या गाडीला लागले, आणि ती गाडी एका तिसऱ्याच कुटुंबाला विकली गेली. टायर बाहेरून विकत आणलेले नसल्यामुळे बिल नव्हते, बिल नसल्यामुळे कोणाला आठवण झाली नाही, आणि आठवण न झाल्यामुळे कार्ड भरले गेले नाही. पुढे त्या टायरांच्या कंपनीने काही आठवड्यांचा माल परत बोलावला. मोटार-उत्पादकाच्या नोंदीप्रमाणे ते टायर पहिल्या खरेदीदाराच्या गाडीवर होते, त्यामुळे पत्र त्याला गेले. तो पत्र घेऊन तावातावाने आला, त्याच्या गाडीला भलत्याच कंपनीचे टायर होते, आणि ज्या गाडीला ते धोक्याचे टायर होते तिच्या मालकाला यातले काहीच ठाऊक नव्हते.

ते कुटुंब शोधायला तीन दिवस लागले, आणि का लागले हे सांगितले म्हणजे अशा नोंदींचा स्वभाव कळतो. फडताळातली सगळी पाकिटे स्टॉक नंबराने लावलेली होती. संगणकात माणसाच्या नावाने, फोन नंबराने किंवा व्हिनने शोध घेता येई. टायरच्या क्रमांकाने शोध घ्यायची सोय कोठेच नव्हती. कार्यालयातली प्रत्येक नोंद ‘हा माणूस कोण आणि त्याने काय घेतले’ या प्रश्नाला उत्तर देई, आणि रिकॉलचा प्रश्न नेमका उलटा होता: ही वस्तू आज कोणाकडे आहे. शेवटी एका मेकॅनिकने कामाच्या ऑर्डरवर, टायरच्या किमतीच्या जागी शून्य टाकून, पेन्सिलीने ‘चार टेक-ऑफ, फडताळातले’ असे लिहिलेले सापडले. त्याला नियम माहीत नव्हता. फडताळातला माल कमी का झाला याचा जाब कोणी विचारू नये म्हणून त्याने ते लिहिले होते. फोन लागला, गाडी आली, टायर बदलून मिळाले. जवळपास न चाललेला टेक-ऑफ कायद्याच्या भाषेत ‘नवा टायर’ ठरतो की नाही, यावर त्या आठवड्यात डीलरशिपमध्ये बराच खल झाला. प्रस्तुत लेखकाला तेव्हाही आणि आताही तो खल निरर्थक वाटतो, कारण त्या कुटुंबाला टायर नवे म्हणूनच दाखवून गाडी विकली होती.

स्वतंत्र डीलरला २००८पासून तीन मार्ग मोकळे आहेत: क्रमांक लिहिलेले कार्ड गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे, किंवा गिऱ्हाइकाचे नाव-पत्ता स्वतः भरून कार्ड तीस दिवसांच्या आत कंपनीकडे पाठवावे, किंवा हीच माहिती संगणकाद्वारे पाठवावी. यांपैकी कोणत्याही मार्गासाठी गिऱ्हाइकाकडून पैसे घेता येत नाहीत. अमेरिकेतील मोटार-डीलर हे उत्पादकाच्या मालकीचे नसून राज्यांच्या कायद्यांनी संरक्षण दिलेले स्वतंत्र व्यापारी असल्यामुळे, टायरच्या बाबतीत त्यांना बहुधा पहिला, सर्वांत सोपा मार्ग चालतो, आणि बहुतेक जण तोच धरतात. पोस्टाच्या मापात बसणारे ते कार्ड हातात घेतले की त्यात छायांकित भाग विक्रेत्याने भरायचा आणि कोरा भाग खरेदीदाराने, अशी विभागणी दिसते. एका बाजूला कंपनीचा पत्ता आणि कोपऱ्यात तिकिटासाठी चौकोन असतो, आणि ते तिकीट खरेदीदाराने लावायचे असते. गाडी घेण्याच्या दिवशी माणूस तीस-चाळीस सह्या करतो, कर्जाचा हप्ता ऐकून थोडा गप्प होतो, किल्ल्या घेतो आणि मुलांना गाडीत बसवून फोटो काढतो. त्या गठ्ठ्यातले तळाचे कार्ड घरी गेल्यावर तो काढील, पत्ता लिहील, तिकीट शोधील आणि टपालपेटीपर्यंत चालत जाईल, ही १९८२च्या दुरुस्तीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात कार्ड गाडीच्या दस्तऐवजांबरोबर डॅशबोर्डमधल्या कप्प्यात जाते आणि गाडी पुन्हा बदल्यात आली की तेथेच, कोरेच्या कोरे, सापडते. प्रस्तुत लेखकाने अशी कार्डे किती वेळा काढून टाकली याची गणती नाही.

या सैलपणाची किंमत किती असू शकते हे २०००च्या ऑगस्टमध्ये दिसले, जरी ते प्रकरण फक्त नोंदणीचे नव्हते. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने एटीएक्स, एटीएक्स-२ आणि वाइल्डरनेस एटी या नावांचे, मुख्यतः फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीवर बसणारे पंधरा इंची टायर परत बोलावले. त्यांपैकी सुमारे ६५ लाख अजून रस्त्यावर असतील असा अंदाज होता. वेगात पट्टा सुटून गाडी उलटल्याच्या अपघातांत अमेरिकेत अडीचशेहून अधिक माणसे मेली. नवे टायर पुरेसे नसल्यामुळे बदलून देण्याचे काम ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि टेक्सास या उष्ण राज्यांपासून सुरू करावे लागले, कारण उन्हाळ्यातल्या तापलेल्या रस्त्यांवर हे टायर अधिक फुटत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने ‘ट्रेड’ या संक्षेपाने ओळखला जाणारा कायदा केला. टायरच्या पट्ट्यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे, आणि कायद्याच्या लांबलचक नावातली आद्याक्षरे जुळवून तो मुद्दाम साधलेला आहे. त्या कायद्याने दोषांच्या तक्रारी लवकर कळवण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आणि मोफत बदलून मिळण्यासाठी टायरच्या खरेदीची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. नोंदणीच्या कार्डाला मात्र त्याने हात लावला नाही. २०१५च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, टायर फुटून झालेल्या अपघातांच्या चौकशीनंतर, प्रवासी वाहनांच्या टायरवरील अहवालात या नोंदणीच्या दुबळेपणावर बोट ठेवले, आणि त्याच वर्षअखेरीच्या ‘फास्ट’ कायद्यात स्वतंत्र विक्रेत्यांकडूनही संगणकीय नोंद पाठवण्याची सक्ती करणारा नियम करण्यास काँग्रेसने वाहतूक विभागाला सांगितले. सक्ती काढून घेतल्यानंतर तेहेतीस वर्षांनी ती परत आणावी असे तिला वाटले, ही गोष्ट बोलकी आहे.

खरेदीदाराच्या माहितीचा साठा करणे ही मात्र आता निरुपद्रवी बाब राहिलेली नाही, आणि हा मुद्दा नोंदणीच्या कैवाऱ्यांनी टाळता कामा नये. कर्ज किंवा भाडेकरार करून देणारा डीलर हा संघीय व्यापार आयोगाच्या दृष्टीने वित्तसंस्था असतो, आणि ९ जून २०२३पासून पूर्णपणे लागू झालेल्या सुधारित सुरक्षानियमाप्रमाणे त्याला ग्राहकाची माहिती कुलूपबंद ठेवावी लागते. एवढेच नव्हे, तर तिचा शेवटचा उपयोग झाल्यापासून दोन वर्षांत, कायद्याने वा धंद्याच्या रास्त गरजेने ती ठेवणे भाग नसेल तर, नष्टही करावी लागते. म्हणजे एक नियम पाच वर्षे जप म्हणतो आणि दुसरा दोन वर्षांत जाळ म्हणतो. दोघांत विरोध नाही, अपवादाचे कलम आहे. पण ते कलम लागू पडावे यासाठी कोणता कागद कोणत्या नियमाने ठेवला आहे हे प्रत्येक पाकिटावर कोणीतरी ठरवावे लागते. कागद फाडण्याचे यंत्र घेऊन आलेल्या भाड्याच्या गाडीसमोर उभे राहून हा निवाडा करताना, पेन्सिलीने ‘चार टेक-ऑफ’ लिहिलेली कामाची ऑर्डर ठेवायची की टाकायची, याला कोणत्याही परिपत्रकात उत्तर नव्हते. ती ठेवली गेली.

आणखी एक उणीव या साऱ्या रचनेत मुळापासूनच आहे. कायदा विचारतो तो पहिल्या खरेदीदाराला. गाडी दुसऱ्याकडे गेली, तिच्याबरोबर टायर गेले, आणि नोंदीतले नाव मागेच राहिले. दुसऱ्या मालकाला गाडीच्या व्हिनवरून मोटारीचे रिकॉल पाहता येतात. टायर बदललेले असतील तर त्या शोधात त्यांचा मागमूस लागत नाही, कारण व्हिन मोटारीचा आहे. अमेरिकेत पहिली गाडी घेणारे विद्यार्थी आणि नोकरीनिमित्त आलेली तरुण कुटुंबे, ज्यांत मराठी कुटुंबे कमी नाहीत, बहुधा जुनीच गाडी घेतात. त्यांना एवढेच सांगणे आहे की गाडी ताब्यात घेतल्याच्या आठवड्यात, टॉर्च आडवी धरून, चारही चाकांवरची डीओटीपासून सुरू होणारी ओळ तारखेसकट उतरवून घ्यावी, बाहेरून अपुरी दिसली तर आतली बाजू पाहावी, बी आणि आठ दोनदा तपासावेत, आणि ती टायर-कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने व पत्त्याने नोंदवावी. पहिला खरेदीदार नसलेल्यालाही ती नोंदवता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.